डोंगर दाखवला म्हणजे देव शिकवला असे नाही

पावसाळा लागला की वरंध घाटाच्या पायथ्याशी, शिवथरघळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसू लागतात. त्यांतून मुलाबाळांना घेऊन उतरणाऱ्या शिकल्यासवरल्या आईबापांचे एक मत अलीकडे जवळजवळ सिद्धांत होऊन बसले आहे. मुलांना पोथ्यापुराणांत कशाला अडकवायचे, असे ते विचारतात. हा धबधबा, हा कातळ, हे धुके त्यांना दाखवा. देव असेलच तर इथे आहे, आणि नसेल तर पोथीतही नाही. ग्रंथ माणसांत भांडणे लावतात, निसर्ग कोणाला जात-धर्म विचारत नाही. हे मत उथळ म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्याच्यामागे या मातीतलीच मोठी माणसे उभी आहेत. जोतीराव फुल्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हेच सांगते की कोणताही ग्रंथ निर्मिकाने धाडलेला नाही. निर्मिकाची ओळख पटते ती त्याने सर्व स्त्रीपुरुषांसाठी सारखीच निर्माण केलेल्या सृष्टीवरून. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजानेही कोणत्याच एका ग्रंथाला ईश्वरप्रणीत मानले नाही. एवढा आधार असूनही, घरात मुलांना देव कसा शिकवायचा या प्रश्नाला ‘निसर्ग पुरेसा आहे’ हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. निसर्ग साक्ष देतो, निवाडा देत नाही. ग्रंथ निवाडा देतो, पण साक्ष न तपासता दिलेला निवाडा जुलूम ठरतो. म्हणून घरात शिकवायची असते ती या दोघांनी एकमेकांची करायची उलटतपासणी. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत या म्हणण्याचे पुरावे दिवसाभरात पाहून होतील इतके जवळजवळ आहेत.

पहिला पुरावा शिवथरघळीचाच. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ या घळीत सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढली, त्यानंतर तिचा बोलबाला झाला. घळीच्या तोंडावर पावसाळ्यात कोसळणारा प्रपात पाहिला की इथे बसलेल्या माणसाने निसर्गालाच देव म्हटले असते तरी नवल वाटले नसते. पण ग्रंथ उघडून पाहावा. सोळाव्या दशकात सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांना एकेक स्वतंत्र समास दिला आहे. पंचभूतांपैकी चौघांचे आणि सूर्याचे इतके मनःपूर्वक आणि इतके बारीक वर्णन जुन्या मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडेल. पाणी कोठे मुरते, कोठे उफाळते, कोणत्या झाडात जाऊन कोणती चव घेते, हे सारे त्या लेखकाने डोळे उघडे ठेवून पाहिले आहे. तरीही समास तिथे थांबत नाहीत. ते आत्मारामापर्यंत जातात. सहाव्या दशकाचे नावच ‘देवशोधन’ असे आहे, आणि त्याचा सारा रोख असा की जे दिसते ते नासते, म्हणून जे दिसते तोच देव असे म्हणून शोध आटोपता घेऊ नये. धबधब्यासमोर बसून लिहिलेला ग्रंथ धबधब्याला देव म्हणत नाही, एवढी एक गोष्ट जरी गाडीतून उतरणाऱ्या आईबापांनी मुलांना सांगितली, तरी सहलीचे चीज होईल. ती सांगायची तर ग्रंथ मात्र उघडावा लागेल.

निसर्गातून काही कळतच नाही, असे मी म्हणत नाही. भव्यता कळते, नेम कळतो, आपले परावलंबन कळते. मृगाचा पाऊस लांबला की भाताची रोपे करपतात आणि घर हवालदिल होते. ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसाला आपल्याहून मोठे काही आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. पण त्या मोठ्याला आपल्याकडून काय हवे आहे, हे पाऊस सांगत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे, आणि एकनाथांनी ती मराठीत विस्ताराने मांडली आहे. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी अशा सगळ्यांकडून अवधूत शिकला. निसर्गवाद्यांना ही कथा आपल्या बाजूची वाटते. ती नीट वाचली तर उलट बाजूला जाते. मांसाचा तुकडा चोचीत धरलेल्या कुरर पक्ष्यावर इतर पक्षी तुटून पडतात, तो तुकडा टाकतो आणि सुटतो. यावरून अवधूत अपरिग्रह शिकला. पण तेच दृश्य पाहून दुसरा कोणी ‘बळकट व्हा आणि हिसकावून घ्या’ असेही शिकला असता. तुटून पडणारे पक्षीसुद्धा निसर्गच आहेत. अजगराकडून संतोष घ्यावा आणि त्याचे गिळणे घेऊ नये, ही निवड अजगर करून देत नाही. ती निवड अवधूताने बरोबर आणलेल्या विवेकाची आहे, आणि तो विवेक पिढ्यांच्या शब्दांत घडलेला आहे. म्हणूनच गीतेत दहाव्या अध्यायातल्या पर्वत, नद्या आणि वृक्षांच्या विभूतींनंतर सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्तीचा हिशेब मांडावा लागतो. बायबलच्या एकोणिसाव्या स्तोत्राचा पूर्वार्ध आकाशाचा आहे आणि उत्तरार्ध नियमशास्त्राचा. हे ग्रंथ एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी येऊन पोहोचले आहेत: आधी वर पाहायला सांगायचे आणि मग शेजाऱ्याकडे.

शेजाऱ्याचा प्रश्न महाडमध्ये पाण्यावरच उभा राहिला. चवदार तळ्याचे पाणी कोणाला नाकारत नव्हते. गुरेढोरे तिथे पीत होती, अन्य धर्मीयांनाही मज्जाव नव्हता. मज्जाव होता फक्त अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना. निसर्गाची साक्ष शतकानुशतके इतकी स्पष्ट होती आणि तरी ती त्यांच्यातल्या एकाही माणसाच्या ओंजळीपर्यंत पोहोचली नाही. तळ्याकाठी राहणारी घरे निसर्गापासून दुरावलेली होती असेही नाही. सूर्याला अर्घ्य देणारी, नद्यांची नावे घेऊन स्नान करणारी ती घरे होती. निसर्गाचा सहवास माणसाला आपोआप उदार करतो हा समज या एका तळ्याने मोडीत काढला आहे. कोंडी फुटली ती शब्दांनी. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग महाडात भरलेल्या परिषदेची माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्याली. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा कोर्टात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने बंदीची रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही असा निकाल दिला. पाणी होते तिथेच होते. ते सर्वांचे आहे हे म्हणायला, लिहायला आणि त्यासाठी मार खायला माणसे लागली. जो बाप मुलाला फक्त धबधबा दाखवतो, तो त्याला चवदार तळ्याच्या काठी नेल्यावर काय सांगणार? पाणी किती छान आहे, एवढेच?

इथे प्रतिपक्ष म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की तळ्याभोवतीची भिंत ग्रंथानेच बांधली होती. त्याच महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, आणि तसा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ग्रंथाने माणसांना पाण्यापासून तोडले, तर मग त्याच ग्रंथांची वकिली कशासाठी? मी कोणत्याही एका ग्रंथाची वकिली करत नाही. माझा आक्षेप ‘फक्त निसर्ग’ या मताला आहे तितकाच ‘फक्त ग्रंथ’ या मतालाही आहे, आणि या दोन तालुक्यांत दुसरे मत पहिल्याहून कितीतरी जास्त घरांत राहते. गावोगावी हरिनाम सप्ताह होतात, ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, मुंबईला गेलेले चाकरमानी रजा काढून त्यासाठी येतात, पदरमोड करतात. ही निष्ठा मोलाची आहे. पण सात दिवसांत नऊ हजार ओव्या संपवायच्या म्हटल्यावर वाचणाऱ्याची जीभ धावते आणि ऐकणाऱ्याचे मन मागे राहते. पारायण पूर्ण होते. घरी गेल्यावर त्यातल्या एका ओवीवर बाप मुलाशी बोलला असे क्वचित घडते. ग्रंथ मखरात गेला की तो प्रश्न विचारत नाही आणि त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. अशा बिनप्रश्नाच्या आदरातच मनुस्मृतीसारखा ग्रंथ शेकडो वर्षे सुखाने जगला. त्याला उत्तर द्यायला निसर्गाची साक्ष लागते, आणि इथे फुल्यांचे म्हणणे पूर्ण खरे ठरते: पाणी, ऊन आणि वारा यांनी जो भेद केला नाही, तो भेद निर्मिकाच्या नावावर खपवणारा ग्रंथ खोटी साक्ष देतो. निसर्ग निवाडा देत नाही, पण खोटा निवाडा उघडा पाडू शकतो. फरक एवढाच की त्यासाठी निसर्गाच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. फुल्यांनाही ग्रंथांविरुद्धची आपली साक्ष शेवटी एका ग्रंथातच नोंदवावी लागली.

देवराईचा दाखला या वादात हमखास पुढे येतो. सह्याद्रीच्या गावांत देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. तिथले वाळलेले लाकूडही कोणी उचलत नसे. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या रानांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचा डोंगर उघडा पडला असतानाही तिथे जुने वृक्ष आणि दुर्मीळ वेली टिकून असल्याचे दिसले. बघा, असे म्हटले जाते, अक्षरओळख नसलेल्या लोकांनी निसर्गात देव पाहिला आणि निसर्ग वाचला. ग्रंथ कोठे लागला? ग्रंथ लागला होता, तो छापलेला नव्हता इतकेच. इथले पान तोडू नये, इथे कुऱ्हाड नेऊ नये, नेली तर देव बघून घेईल, ही विधिनिषेधाची संहिताच आहे, आणि ती आजीकडून नातवाकडे तोंडी गेली. झाडांनी स्वतःला पवित्र घोषित केले नाही. आणि याच उदाहरणात एक ताकीदही आहे. जिथे त्या संहितेतली भीती उरली आणि कारण विसरले गेले, तिथे भीती ओसरताच रान गेले. कित्येक गावांत तर देवाचेच निमित्त झाले: कौलारू देऊळ पाडून सिमेंटचे मोठे देऊळ उभारायचे, त्यासाठी राईतलीच झाडे तोडायची. देवाला छप्पर मिळाले आणि त्याचे रान गेले. कारणाशिवाय पोहोचलेला शब्द असाच उलटतो. सावित्री नदीचेही तेच. महाबळेश्वरात तिचा उगम पूजला जातो, पोलादपुरात तिची ओटी भरली जाते, आणि महाडपाशी पोहोचेपर्यंत तिच्यात काय काय सोडले जाते याविषयी पूजा करणारे घर अवाक्षर काढत नाही. नदीला आई म्हणायला शिकवले. आईशी कसे वागायचे ते शिकवायचे राहिले.

या वादातली सर्वांत अवघड जागा तळियेची आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी माणसे नेली, आणि महाड शहर पुरात बुडाले. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई आणि दासगाव यांनी हेच भोगले होते. ‘निसर्ग हाच देव’ म्हणणाऱ्याला या दिवशी बोलायला काही उरत नाही. धबधब्यात देव दिसत असेल तर दरडीतही तोच दिसायला हवा, आणि तसा तो दिसला की पुढचे वाक्य ‘देवाचा कोप झाला’ हेच असते. ते वाक्य मुलांच्या कानावर पडू देणे हा मी गुन्हा मानतो, कारण ते दोन्हीकडून खोटे आहे. सृष्टीचे म्हणणे वेगळे आहे. तीव्र उतारावर झिजलेल्या खडकाच्या वर मातीचा जाड थर असतो. अतिवृष्टीचे पाणी भेगांतून आत मुरते, मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, खडकावरची पकड सुटते आणि अख्खा थर घसरतो. वरच्या बाजूला जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे आणि खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे या त्याच्या पूर्वखुणा आहेत. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीतल्या मुलाला या खुणा आरतीइतक्या पाठ असायला हव्यात. सृष्टीतून देव शिकवायचा असेल तर सृष्टी खरीखुरी शिकवली पाहिजे. नुसते हात जोडायला शिकवणे म्हणजे तिचा अनादर आहे.

ग्रंथांनाही, निदान प्रामाणिक ग्रंथांना, हे ‘कोपा’चे गणित मान्य नाही. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याच्या संकटावरून त्याचे पाप शोधायला बसतात, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच चुकीचे ठरवतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून जास्त पापी होते काय, असा प्रश्न स्वतःच विचारून येशूने त्याला नकार दिला आहे. आपल्याकडे हा वाद याहून जवळच्या रूपात झाला. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचे दैवी शासन असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला, आणि तो विरोध गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये छापला. अस्पृश्यतेविषयी दोघांचे मत एकच होते. ठाकुरांचा मुद्दा असा की जमिनीच्या हालचालींना माणसांच्या नीतीचा निकाल म्हणून वाचू लागलो, तर हा युक्तिवाद विरोधकांनाच अधिक शोभेल. आणि ते खरेच होते. तोच भूकंप अस्पृश्यतानिवारणाचे फळ आहे असे सनातनी म्हणाले असते, तर त्यांना कोणत्या पुराव्याने गप्प करणार? चवदार तळ्याचा सत्याग्रह न्याय्य होता तो कोणत्याही पुरामुळे किंवा दुष्काळामुळे नव्हे. कारण त्या भूमिकेचा आधार माणसाविषयीच्या एका वचनात होता, हवामानात नव्हता. म्हणून तळियेविषयी मुलाने विचारले की देव तेव्हा कोठे होता, तर बापाने खोटे उत्तर देऊ नये. दरडीत दया दिसत नाही हे मान्य करावे, ती का कोसळली हे नीट सांगावे, आणि वाचलेल्यांचे आपण काय देणे लागतो हा प्रश्न पुढे ठेवावा. यातली पहिली दोन उत्तरे सृष्टीकडे पाहून मिळतात. तिसरे ज्याला द्यायचे आहे, त्याने आधी कोणाचा तरी शब्द ऐकलेला असावा लागतो.

मग शब्द कोणाचा, ग्रंथ कोणता, हा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. प्रत्येक घराचा ग्रंथ वेगळा. त्यातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे हे ठरवणारा कोण? याला ग्रंथांतच उत्तर आहे. दासबोध पुन्हा पुन्हा शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती या तिन्हींचा मेळ बसवायला सांगतो. नुसत्या ऐकीव ज्ञानाची तो थट्टा करतो. बुद्धाने कालाम लोकांना सांगितले की परंपरेत आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू म्हणतो एवढ्यावरून काही मानू नका. आचरून पाहा, ते हिताचे ठरते का ते तपासा. ही कसोटी स्वतः त्या ग्रंथांनाही लावावी लागते. दासबोधाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी ब्राह्मणाच्या गुरुत्वाचा उघड पुरस्कार आहे. महाडात राहून, चवदार तळ्याचा इतिहास जाणून, तो भाग मुलांपुढे लपवणे किंवा त्यावर पांघरूण घालणे हा ग्रंथाचा मान राखणे नव्हे. प्रचीतीची कसोटी ज्याने हातात दिली, त्याच्या हातून ती या जागी वापरायची राहून गेली, आपण ती वापरू, असे म्हणणे हाच खरा मान आहे. आणि महाडात अशी असंख्य घरे आहेत जिथे ‘देव’ हा शब्दच शिकवला जात नाही. १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी घेतलेली दीक्षा ईश्वराची नव्हती. त्या घरांना माझा युक्तिवाद लागू नाही असे कोणी म्हणेल. पण त्या घरांतही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, गांधारपाल्याची लेणी दाखवली जातात, आणि कार्यकारण जाणल्याशिवाय दुःख कळत नाही हे सांगितले जाते. नाव वेगळे आहे. पाहणे आणि वाचणे यांची जोडी तीच आहे. उलट, श्रद्धाळू घरांनी त्यांच्याकडून एक गोष्ट उचलावी: ग्रंथ का स्वीकारला याचे कारण त्या घरातल्या लहान मुलालाही देता येते.

उरतात दोन आक्षेप. पहिला असा की मुले मोठी झाल्यावर त्यांचे ती ठरवतील, आपण कशाला लादायचे. लादणे आणि शिकवणे यांतला फरक इथे पुसला जातो. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण याचा अर्थ ते शिक्षण घराकडे येते, हवेत विरून जात नाही. घर गप्प राहिले तर त्याची जागा मिरवणुकीतला स्पीकर आणि मोबाइलवरची चिथावणी घेते. तिथे निवड असते असे कोणी म्हणणार नाही. फुल्यांनी तर एकाच कुटुंबाचे चित्र रंगवले आहे, जिथे आई बुद्धधर्म, बाप ख्रिस्ती धर्म, मुलगी मुसलमानी धर्म आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारून प्रेमाने एकत्र नांदतात. हे कुटुंब अज्ञानातून उभे राहत नाही. त्यातल्या प्रत्येकाने ग्रंथ वाचून, विचार करून निवड केली आहे. ग्रंथ आहेत म्हणून भांडण अटळ आहे, या समजुतीला ग्रंथांचा एवढा कठोर टीकाकारच उत्तर देऊन गेला आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि म्हणून जास्त खरा आहे. बाप मुंबईत, आई शेतावर आणि रोजगारावर, घरात वाचणारे कोणी नाही. हे सारे शिकवायचे कोणी आणि केव्हा? याला या जिल्ह्याचाच इतिहास उत्तर देतो. जुन्या कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर स्थिरावलेल्या बेने इस्राएल लोकांजवळ कित्येक शतके धर्मग्रंथाची प्रत नव्हती. घाणे चालवून तेल काढणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटली जात. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एक छोटी प्रार्थना एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपला देव घराघरांतून पुढच्या पिढीला दिला. ज्या उताऱ्यातून ती प्रार्थना येते, तोच उतारा आईबापांना सांगतो की घरात बसताना आणि वाटेने चालताना हे मुलांशी बोलत जा. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या हाती मराठीतून बायबल आले, तेव्हा त्या ओळीभोवतीचा सारा ग्रंथ त्यांना नव्याने मिळाला. मराठी बायकांनीही हेच केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. लिहिता न येणाऱ्या स्त्रियांनी दळता दळता सीता, विठ्ठल, पाऊस आणि स्वतःचे दुःख यांचा एकमेकांशी मेळ घातला. त्यासाठी सुट्टी लागली नव्हती. एक ओवी आणि तिच्यावर एक प्रश्न, एवढे कोणत्याही घराला झेपते.

तेव्हा घराकडून मागायचे ते फार नाही, पण अर्धवट मात्र चालणार नाही. शिवथरघळ पाहायला नेलेल्या मुलाला चवदार तळ्यावरही न्यावे, आणि तिथे काय झाले ते न लपवता सांगावे. डोंगराला नमस्कार करायला शिकवताना त्याच्या भेगा वाचायलाही शिकवावे. सप्ताहाहून परतल्यावर एक ओवी पुन्हा म्हणावी आणि ‘हे खरे कशावरून’ असे मुलाला विचारू द्यावे. त्याने दिलेले उत्तर आपल्याला अडचणीत आणणारे असले तरी ऐकून घ्यावे. हे शिक्षण नीट झाले की नाही, याची खूण मुलाला किती ओव्या पाठ आहेत किंवा तो किती गड चढला आहे यात सापडणार नाही. बाप एखाद्या ग्रंथाच्या आधाराने अन्यायाची बाजू घेऊ लागला तर मुलगा त्याला पाण्याची साक्ष काढून अडवतो का, आणि बाप निसर्गाच्या नावाने बळी तो कान पिळी म्हणू लागला तर मुलगी त्याच्यापुढे एखादे वचन ठेवते का, हे पाहावे. ज्या घरात असे अडवले जाण्याची आईबापांची तयारी आहे, त्याच घराला देव शिकवण्याचा अधिकार आहे.